उन्हाळ्यात चायना ग्रासची जेली जमत नाही? आधी घरातली गरमी बघा

मार्च संपला की माझ्या फोनवर एकाच छापाचे निरोप सुरू होतात. "ताई, दोन तास झाले ठेवून, पाण्यासारखीच आहे. काहून जमून नाही राह्यली?" सोबत फोटो असतो. स्टीलची थाळी, त्यात दूध, वर चारोळी तरंगलेली. हीच बाई डिसेंबरात याच मापानं जेली करते तेव्हा ती सुरीनं कापता येते. उन्हाळ्यात मात्र दरवर्षी हीच रड, आणि बोल लागतो बिचाऱ्या किराणावाल्याला, की त्यानं जुना माल गळ्यात मारला.

माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. खरी अडचण पाककृतीतल्या एका ओळीत आहे: "मिश्रण रूम टेम्परेचरला ठेवा, अर्ध्या तासात सेट होईल."

चायना ग्रास म्हणजे अगर-अगर. समुद्रातल्या लाल शैवालापासून काढतात. भारतात हे शैवाल मुख्यतः तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखाताकडे गोळा होतं. त्याचा स्वभाव असा की विरघळायला जवळजवळ उकळतं पाणी लागतं, आणि विरघळल्यावर ते गोठतं साधारण ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान, शैवालाच्या जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. पुण्याच्या ओट्यावर ठेवलेली थाळी आपोआप या आकड्याखाली येते. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात, त्यातही नवतपात (मे अखेरीस सुरू होणाऱ्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), बाहेर ४५ आणि टिनाच्या घरात दुपारी चाळिशीच्या वर. म्हणजे ज्या तापमानाला जेली गोठायची, त्याच्या वरच आपलं घर अडकून बसलेलं असतं. थाळी दोन तास ठेवा की चार तास, ती घराइतकीच गरम राहणार. जमणार कुठून?

याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या, तो आपल्या फायद्याचा आहे. एकदा का ही जेली जमली, की पुन्हा वितळायला तिला ८५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. म्हणजे गोठवण्यापुरतीच तिला गारवा द्यायचा, पुढे ती भर दुपारी सपरीत (पडवीत) ठेवली तरी पाणी होत नाही. फ्रीज नसलेल्या घरातही ही जेली होऊ शकते ती याचमुळे. फ्रीज आहे पण दुपारी लाईन नसते, अशा घरांची संख्या आपल्याकडे काही कमी नाही.

गारवा द्यायचा कसा

सगळ्यात सोपं, वेळ बदला. दुपारी चार वाजता पाहुणे येणार म्हणून दोन वाजता जेली करायला बसू नका. पहाटे करा, सूर्य वर यायच्या आत ती जमलेली असते. रात्री केली तर भिंती बारा वाजेपर्यंत तापलेल्या असतात, त्यामुळे रात्रीपेक्षा पहाट केव्हाही बरी.

दुपारीच करायची असेल तर माठ. मोठ्या परातीत माठातलं पाणी ओता, त्यात जेलीची थाळी ठेवा. पाणी थाळीच्या काठाच्या बोटभर खाली राहिलं पाहिजे. दहा मिनिटांनी परातीतल्या पाण्यात बोट घालून बघा, कोमट लागलं तर ते झाडाला घाला आणि नवं ओता. दोनदा पाणी बदललं की काम होतं. आपल्या उन्हाळ्याची हवा कोरडी असते, म्हणून माठ छान पाझरतो आणि त्यातलं पाणी घरातल्या हवेपेक्षा कितीतरी गार असतं. कूलर चालू असेल तर परात त्याच्या समोर सरकवा.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. माठातलं पाणी प्यायला हवं म्हणून परातीत नळाचं पाणी घेतलं जातं. आणि नळ कुठला? स्लॅबवरच्या काळ्या टाकीचा. त्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल असं असतं. गरम जेली गरम पाण्यात ठेवून वर म्हणायचं की पाण्यात ठेवूनही जमली नाही! टाकीचंच वापरायचं असेल तर पहाटेच बादलीत काढून सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवा.

भांडं पसरट घ्या, स्टीलचं घ्या, थर दोन बोटांपेक्षा जाड नको. काचेच्या उंच ग्लासात दिसते सुंदर, पण मधला भाग थंड व्हायला फार वेळ लागतो. आणि जमत असताना थाळी हलवायची नाही. पोट्टे दर पाच मिनिटांनी बोट घालून बघतात, ते थांबवा. अगरची जाळी जमताना एकदा मोडली की ती आपणहून पुन्हा जुळत नाही, तिथे दाणेदार चुरा राहतो.

गारवा दिला तरी जमली नाही

मग संशय दुसरीकडे न्या: चायना ग्रास पूर्ण विरघळलंच नव्हतं.

पट्ट्यांचं पाकीट उघडलं की पॉलिथिनच्या सुरकुतलेल्या चिंध्या असाव्यात असा हलका, पांढुरका माल निघतो. (दुकानात गर्दी असली की कधीकधी फालुद्याची शेव हातात येते. ती बारीक, गोल आणि वजनाला जड असते. घरी येऊन कळण्यापेक्षा तिथेच बघा.) या पट्ट्या कात्रीनं कापून अर्धा तास गार पाण्यात भिजवायच्या, मग पिळून नव्या पाण्यात उकळायच्या. पुष्कळ जणी त्या सरळ उकळत्या दुधात टाकतात. दुधात त्या दिसत नाहीत, त्यामुळे विरघळल्या की नाही हे कळत नाही. शिवाय चुलीची आच जोराची असेल तर दूध बुडाशी लागतं, करपल्याचा वास येतो, मग घाईनं गंज (पातेलं) उतरवला जातो आणि अर्ध्या पट्ट्या तशाच राहतात. गाळणीत जो चिकट गोळा अडकतो आणि जो तुम्ही फेकून देता, तीच तुमची जेली होती.

म्हणून दूध वेगळं, चायना ग्रास वेगळं. छोट्या गंजात पाऊण-एक कप पाणी, त्यात भिजलेल्या पट्ट्या, मध्यम आच, सतत ढवळणं. उकळी फुटल्यावर बंद करायचं नाही, बारीक आचेवर आणखी पाच-सात मिनिटं चालू द्यायचं. बघायचं कसं, तर पळी भरून उजेडाकडे धरा आणि हळूच वाकडी करा. पळीच्या काठावरून पाणी एकसारखं ओघळलं तर झालं. काचेच्या सुईसारखे पारदर्शक तुकडे काठाला चिकटून राहिले तर अजून उकळा. पाणी फार आटलं तर दोन चमचे गरम पाणी घालायला हरकत नाही. चहाच्या किटलीतलं नुसतं गरम पाणी ओतून हे काम होत नाही, पावडर असली तरी होत नाही. पावडरीला भिजवण कमी लागतं, पण आधी गार पाण्यात कालवून मग उकळी आणावीच लागते. थेट गरम पाण्यात टाकली की गाठी होतात, वरून ओल्या आणि आत कोरड्या.

साखर या टप्प्यानंतर. आधीच साखर घातली तर पाण्यासाठी दोघांची ओढाताण होते आणि पट्ट्या विरघळायला वेळ लागतो. गुळाची हौस असेल तर ती पाण्याच्या जेलीत भागवा. गूळ घालून दूध उकळलं की काय होतं ते खीर करणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

दुसरीकडे दूध चांगलं गरम हवं. फ्रीजमधलं दूध आणि उकळतं चायना ग्रास एकत्र केलं की जिथे दोघं भेटतात तिथेच अगर गोठतं आणि दुधात शेवयांसारखे तंतू फिरायला लागतात. मग कितीही ढवळा. दूध गरम, चायना ग्रास गरम, गाळणीतून एकात एक, आणि लगेच थाळीत.

मापाचं थोडक्यात. १० ग्रॅम पट्ट्या, ३ पाव म्हणजे ७५० मिली दूध, आणि विरघळवायचं कपभर पाणी. पावडर असेल तर चहाचा सपाट एक चमचा पावभर द्रवाला. 'एक गिलास दूध' हे माप नव्हे. तुमच्या घरचा गिलास आणि माझ्या घरचा गिलास यांत निम्म्याचा फरक असू शकतो. घरच्या म्हशीचं दूध असलं तरी मापाला दुधाच्या पिशवीचा आधार घ्या, अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी पाण्यानं भरून गंजात ओता आणि पातळी बघून ठेवा. रबरासारखी झाली तर पट्ट्या जास्त झाल्या. आणि हे आधीच सांगून ठेवते, ही जेली टीव्हीतल्या जाहिरातीसारखी थरथरत नाही. ती कटकन तुटते, तो तिचा गुण आहे. मऊ हवी तर पट्ट्या पाव हिश्शानं कमी करा आणि दुधात साय घोटून घाला.

संत्रा, कैरी, लिंबू: आंबटाचा घोळ

दुधाची जमते आणि संत्र्याची जमत नाही, ही वरूड-मोर्शी-काटोलकडची खास तक्रार. मृग बहाराचा संत्रा फेब्रुवारी-मार्चात येतो, घरात छोट्या फळांचा ढीग असतो, पोरांसाठी जेली करावी असं कोणालाही वाटणार. मग रस, साखर, चायना ग्रास सगळं एका गंजात घालून दणदणीत उकळलं जातं. इथेच खेळ संपतो. आंबट पाण्यात उकळलं की अगरच्या लांब साखळ्या तुटतात आणि तुकड्यांना जाळी विणता येत नाही. जितकं जास्त उकळाल तितकी जेली पातळ होणार. न जमलेली जेली आणखी उकळून बघण्याची सवय इथे उलटीच पडते.

अगर साध्या पाण्यात उकळा, एकूण द्रवाच्या तिसऱ्या हिश्शात. पट्ट्यांचं माप मात्र एकूण द्रवाचं. पूर्ण विरघळलं की साखर घाला, गंज खाली उतरवा, वाफ थोडी कमी होऊ द्या, मग रस बारीक धारेनं ओतत ढवळा. रस फ्रीजमधला नको, नाहीतर पुन्हा तेच तंतू. रसाचं भांडं पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवलं की पुरे. कैरीचं पन्हं किंवा अंबाडीच्या लाल बोंडांचं सरबत असेल तर ते संत्र्याहून आंबट, तिथे पट्ट्या पाव हिश्शानं वाढवा.

संत्र्याची जेली दुसऱ्या दिवशी कडू लागते ती या पट्ट्यांमुळे नव्हे. बिया आणि पांढरी साल मिक्सरमध्ये चिरडली गेली की रसात कडवटपणा उतरतो, आणि तो लगेच न कळता काही वेळानं कळतो. फोडी सोलून, बिया काढून, हातानं पिळा. कंटाळवाणं काम आहे, सासूबाईंना गप्पा मारत बसवून करून घ्यावं.

पपई आणि अननस यांची भीती मात्र सोडा. ताज्या पपईत, अननसात प्रथिनं तोडणारे रस असतात, आणि जिलेटिन, म्हणजे जेली गोठवायचा दुसरा पदार्थ, हे प्रथिन आहे, म्हणून जिलेटिनची जेली त्यांच्यासोबत जमत नाही. अगरचा प्रथिनांशी संबंध नाही, ते जमतं. फक्त पपई दुधात घालू नका, दूध फाटतं आणि कडू होतं.

जमली होती, मग वितळली

असं झालं असेल तर तुम्ही अगर वापरलंच नाही. एकतर जिलेटिन असेल किंवा रंगीत जेलीचं तयार पाकीट, ज्यात बहुधा दुसऱ्या शैवालाचा पदार्थ असतो आणि तो अगरपेक्षा लवकर विरघळतो. खात्री करायची असेल तर जमलेला तुकडा गरम चहात टाका. जिलेटिन बघता बघता नाहीसं होतं, अगरचा तुकडा तळाशी तसाच बसून राहतो. चहा वाया जातो, पण शंका मिटते. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून निघतं, घरात माळकरी किंवा उपासाची माणसं असतील तर ही चाचणी चहाच्या एका कपापेक्षा नक्कीच मोलाची.

उन्हाळ्यात जिलेटिन दगा देतं हे काही आपणच शोधलेलं नाही. जर्मनीत जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला जिलेटिन वापरत, आणि गरमीत ते पातळ होऊन प्रयोग बिघडत. तिथे काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांची पत्नी फॅनी हेसे घरी जेलीला अगर वापरायची. तिनं ते सुचवलं. १८८२ पासून प्रयोगशाळांत अगर आहे ते आजतागायत. एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातून ही गोष्ट विज्ञानात गेली, हे मला सांगायला आवडतं म्हणून सांगितलं.

पण त्यात आपल्यासाठी एक इशाराही आहे. अगर बहुतेक जंतूंना पचत नाही, त्यात मिसळलेलं खाद्य पचतं. आपल्या जेलीत दूध आणि साखर असते. म्हणजे ४५ अंशांत वितळली नाही याचा अर्थ ती चांगली आहे असा नाही. दिसायला ठणठणीत आणि आतून नासलेली असू शकते. दुधाची जेली तासाभरात संपवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. लाईन जाऊन फ्रीज कोमट झाला असेल तर पोरांना देऊ नका. बाजाराच्या दिवशी बचत गटाच्या टेबलावर ठेवायची असेल तर दुधाची नेऊच नका, संत्र्याची न्या, आणि तीही बर्फाच्या डब्यात.

पाणी सुटतं

थोडं पाणी सुटणं हा अगरचा स्वभावच आहे. वड्या कापून ठेवल्या, साखर फार कमी घातली, दोन दिवस ठेवली, की बशीत पाणी दिसणार. कापायची ती वाढताना कापा, साखरेत फार कंजुषी करू नका.

खूप पाणी सुटलं आणि वडी स्पंजासारखी झाली असेल तर मी एकच विचारते: फ्रीजरमध्ये ठेवली होती का? उत्तर बहुधा हो असतं, लाईन जायच्या आत पटकन जमावी म्हणून. आत बर्फाचे कण होतात, ते जाळी फाडतात, बर्फ वितळला की पाणी बाहेर आणि चोथा आत. जपानात शेकडो वर्षं चायना ग्रास वाळवलं ते याच रीतीनं: हिवाळ्याच्या रात्री उघड्यावर जेली गोठू द्यायची, दिवसा वितळून पाणी निथळू द्यायचं, असं करत करत कोरड्या पट्ट्या उरतात. तुम्ही फ्रीजरमध्ये घातलीत म्हणजे जेलीची पुन्हा पट्टी करायला निघालात.

अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातून विचारतात की पाणी खारं आहे म्हणून जमत नाही का. नाही. समुद्रातले जंतू वाढवायला खाऱ्या पाण्यातही अगर गोठवतात आणि ते व्यवस्थित गोठतं. खाऱ्या पाण्यानं चव जाते, तेवढ्यासाठी पिण्याचं पाणी वापरा.

बिघडलेली जेली फेकू नका

दुधाची पातळ राहिली असेल तर ती पुन्हा उकळत बसण्याआधी एक चमचा मिश्रण माठाच्या पाण्यात गार केलेल्या स्टीलच्या बशीवर टाका. दोन-तीन मिनिटांत बोटानं ढकललं तर सुरकुती पडते का बघा. पडली, तर मिश्रण बरोबर आहे, फक्त गारवा द्या. ही चाचणी खरंतर थाळीत ओतण्याआधीच करावी, म्हणजे पुढचा जीव घाबरा होत नाही.

सुरकुती पडली नाही, तर अर्धा कप पाण्यात ३-४ ग्रॅम भिजवलेल्या पट्ट्या वेगळ्या उकळून पूर्ण विरघळवा, जुनं मिश्रण गरम करा, दोन्ही एकत्र गाळा. तंतू किंवा चुरा झाला असेल तर सगळंच मंद आचेवर ढवळत पुन्हा उकळीला आणा, तंतू विरघळून जातात. अगर असं पुन्हा पुन्हा वितळवता येतं. संत्र्याच्या किंवा कैरीच्या जेलीला मात्र हा दुसरा उपाय नाही, तिला उकळायचं नाही. नवं अगर पाण्यात विरघळवून त्यात ती कोमट करून मिसळा. तरीही जमली नाही तर बर्फ घालून सरबत म्हणून प्या, चव कुठे गेलेली नसते.

उरलेल्या पट्ट्या कोरड्या डब्यात, झाकण घट्ट लावून. पावसाळ्यात त्या ओल धरतात, पिवळ्या पडतात, आणि मग पुढच्या मार्चला किराणावाल्याला शिव्या बसतात, त्या वेळीही त्याची काही चूक नसते.